वांद्रे गाव आणि मोतमाउलीची यात्रा : एक ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा रेल्वे, गिरण्या, गृहनिर्माण संस्था आणि चित्रपटसृष्टी यांच्यावर स्थिरावते. वांद्र्याच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडले आहे. पाली हिलवरील बंगले आणि हिल रोडवरील दुकाने यांच्यामागे भातखाचरे, नारळीची वाडे, विहिरी व कोळीवाडा असलेले एक जुने गाव होते, याचे भान क्वचितच राखले जाते. त्या गावाचे एक चर्च मात्र आजही दरवर्षी सप्टेंबरमध्ये लाखो लोकांना टेकडीवर खेचून आणते. कोळी लोक त्या देवतेला 'मोतमाउली' म्हणतात. नगरपालिकेच्या कागदांत आणि बसच्या पाट्यांवर ती 'माउंट मेरी' असते. प्रस्तुत लेखात वांद्रे हे गाव आणि हे यात्रास्थान यांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे. कल्याणच्या पुढे बदलापूर परिसरातील खरवईसारखी गावे आज आपल्या डोळ्यांदेखत शहरात विरघळत असल्याने हा प्रश्न केवळ वांद्र्यापुरता राहत नाही. वांद्रे या प्रक्रियेतून शंभर वर्षांपूर्वीच गेले, एवढाच फरक.

साष्टी आणि तिच्यातील गाव

वांद्रे साष्टी बेटाच्या नैर्ऋत्य टोकावर वसले आहे. समोर माहीमची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि मध्ये समुद्रात घुसलेली टेकडी अशी त्याची रचना. 'साष्टी' हे नाव सहासष्ट गावांवरून आले असे मानले जाते. याच नावाचा दुसरा प्रदेश गोव्यात आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत दोन्ही 'साल्सेत' म्हणूनच येतात. त्यामुळे एका साष्टीतील घटना दुसरीच्या खाती मांडण्याची चूक अनेकदा झालेली आढळते. 'ख्रिस्तपुराण' (१६१६) लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचे कार्यक्षेत्र गोव्यातील साष्टी हे होते, ठाण्याजवळची साष्टी नव्हे. विद्यार्थ्यांना संदर्भ देताना ही दक्षता घ्यावी लागते.

उत्तर कोकणातील या गावांची जुनी स्मृती 'महिकावतीच्या बखरी'त जपली गेली आहे, वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई व तिच्या अधीन असलेला प्रदेश पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला आणि साष्टीबरोबर वांद्रेही त्यांच्याकडे गेले. त्यानंतरच्या दोन शतकांत येथील कोळी, कुणबी, भंडारी आदी समाजांतील मोठा वर्ग ख्रिस्ती झाला. धर्म बदलला तरी व्यवसाय, वाड्यांची रचना, लग्नातील अनेक विधी आणि बोली टिकून राहिल्या. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचे पाणी' आणण्याची चाल ही त्याची ठळक खूण होय. मराठी मातृभाषा असलेला हा समाज पुढे 'ईस्ट इंडियन' या नावाने ओळखला जाऊ लागला. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन'ची स्थापना झाली आणि या नावाला अधिकृत रूप आले. गोवा आणि मंगळूर येथून मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखविणे हा त्यामागील हेतू होता. ब्रिटिश सरकारच्या नोकरीत आपला दावा प्रथम आहे हे त्या नावातून सुचवायचे होते. मराठी बोलणाऱ्या भूमिपुत्रांना आपली ओळख इंग्रजी कंपनीच्या नावाने सांगावी लागली, ही गोष्ट इतिहासाच्या अध्यापकाला अंतर्मुख करणारी आहे.

वांद्रे म्हणजे एकच वस्ती नव्हे. रनवार, चिंबई, शेर्ली, राजन, कांतवाडी, पाली, चुईम अशा अनेक छोट्या वस्त्यांची ती गुंफण होती. प्रत्येक वस्तीला स्वतःची विहीर, स्वतःचा क्रूस आणि स्वतःची सीमा. वस्तीभोवती भातशेती, टेकडीच्या उतारावर झाडी, समुद्राकडे चिंबईचा कोळीवाडा. कोळी मासे धरीत, कुणबी भात पिकवीत, भंडारी माडाची ताडी काढीत. ही व्यवस्था समजून घेतल्याशिवाय मोतमाउलीच्या यात्रेचे स्वरूप उलगडत नाही, कारण यात्रेच्या तिथीचा आणि या शेतीच्या चक्राचा निकटचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

टेकडीवरील प्रार्थनामंदिर

वांद्र्यातील धर्मप्रसाराचे कार्य प्रामुख्याने जेझुइट संघाकडे होते. गावातील मुख्य चर्च म्हणजे समुद्रकाठचे सेंट अँड्र्यूज. त्याची परंपरा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे जाते. टेकडीवरचे प्रार्थनामंदिर त्याहून लहान होते. १५७० च्या सुमारास जेझुइटांनी तेथे साधे, मातीचे मंदिर उभारले, अशी परंपरा आहे. १६४० मध्ये टेकडीच्या टोकाशी पोर्तुगीजांनी किल्ला बांधला. 'आग्वाद' म्हणजे जहाजांनी गोडे पाणी भरून घेण्याची जागा. वांद्र्याच्या किल्ल्याचे 'कास्तेला द आग्वाद' हे नाव तेथील गोड्या पाण्याच्या झऱ्यावरून पडले. किल्ला, पाणी आणि प्रार्थनामंदिर अशी ही तीन सूत्रे एका टेकडीवर एकत्र आली. समुद्रातून येणाऱ्याला प्रथम दिसणारी ती जागा होती. नाविकांची आणि मासेमारांची देवता तेथे असावी हे स्वाभाविकच. जुन्या गोव्यातही टेकडीवर 'नोस्सा सेन्योरा दो मोंत', म्हणजे डोंगरावरची आमची माता, या नावाचे मंदिर आहे. वांद्र्याचे मंदिर त्याच परंपरेतील.

येथे नावाचा प्रश्न येतो. 'मोत' म्हणजे मोती, आणि मोतमाउली म्हणजे मोत्याची माता, असे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी दिले जाते. ते कानाला गोड वाटते. परंतु पोर्तुगीज 'मोंत' या शब्दाचे मराठी उच्चारातील रूप म्हणून 'मोत' अधिक पटते. याला पुष्टी देणारा पुरावा वांद्र्याबाहेर आहे. मंगळूरकडील कोंकणी ख्रिस्ती लोक ८ सप्टेंबरचा मरियेच्या जन्माचा सण 'मोंती फेस्त' या नावाने साजरा करतात आणि त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वादित करून घरी नेतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरजवळच्या हरेगाव येथेही सप्टेंबरमध्ये 'मतमाउली'ची यात्रा भरते. तेथे समुद्र नाही, मोती नाहीत आणि पोर्तुगीज अंमलही कधी नव्हता. शब्द आणि तिथी मात्र तीच. एका किनाऱ्यावर रुजलेला शब्द अर्थ हरवूनही देशावर पोचला, असेच म्हणावे लागते. मोत्याची कल्पना नंतर आली असावी. ती लोकांनी आपल्या भाषेतून शब्दाला अर्थ देण्याची खटपट आहे आणि म्हणूनच तिचे मोल कमी होत नाही.

मूर्तीच्या कथा

मोतमाउलीची मूर्ती लाकडी असून ती सोळाव्या शतकात पोर्तुगालहून आणली गेली, असे मानले जाते. तिच्याविषयी ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांतील तीन महत्त्वाच्या आहेत.

पहिली कथा अशी की, १७०० मध्ये मस्कतच्या अरब चाच्यांनी टेकडीवर हल्ला केला, मूर्तीच्या हातातील सोनेरी वस्तूच्या लोभाने तिचा उजवा हात तोडला, आणि मंदिर लुटत असताना मधमाश्यांच्या थव्याने त्यांना पळवून लावले. दुसरी कथा कोळ्याच्या स्वप्नाची. समुद्रात आपल्याला माउलीची मूर्ती सापडेल असे स्वप्न एका कोळ्याला पडले आणि पुढे ती खरोखरच पाण्यात तरंगताना मिळाली. तिसरी गोष्ट युद्धकाळातील असून ती ऐतिहासिक घटनांना अधिक जवळची आहे : १७३९ मध्ये मूर्ती खाडीपलीकडे माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये आश्रयाला गेली आणि १७६१ मध्ये टेकडीवर नवे मंदिर उभे राहिल्यावर परत आली.

या कथा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. तोडलेल्या हाताची मूर्ती आणि समुद्रात सापडलेली मूर्ती एकच की दोन, याबद्दल सांगणाऱ्यांत एकवाक्यता नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा वेळी दोन मोह होतात. एक म्हणजे त्यांतील एक कथा 'खरी' ठरवून बाकीच्या टाकून देणे. दुसरा म्हणजे सगळ्यांना 'दंतकथा' म्हणून बाजूस सारणे. प्रस्तुत लेखकाला दोन्ही मार्ग अपुरे वाटतात. प्रत्येक कथा कोणाच्या तोंडी शोभते हे पाहिले तर चित्र स्पष्ट होते. अरबांच्या हल्ल्याची कथा किनाऱ्यावरील भीतीची कथा आहे. ओमानच्या अरबांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि अठराव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांच्या ठाण्यांवर वारंवार हल्ले केले, हे इतर साधनांतूनही ज्ञात आहे. स्वप्नाची कथा कोळ्यांची आहे. तिच्यात जेझुइट नाहीत, पोर्तुगाल नाही. देवी समुद्रातून आली आणि ती कोळ्यालाच सापडली. कोकणात पाण्यात वा जमिनीत सापडलेल्या स्वयंभू देवतेच्या कथा गावोगाव आढळतात. त्याच साच्यात वांद्र्याच्या कोळ्यांनी मरियेला आपलेसे केले. चर्च गोऱ्या पाद्र्यांनी बांधले असेल, पण मूर्ती आमच्या जाळ्यात आली, हा दावा या कथेच्या पोटात आहे. माहीमच्या आश्रयाची कथा मात्र सत्तांतराची आहे. तिच्याकडे स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे.

१७३७ ते १७६१ : दोन सत्तांच्या मध्ये

१७३७ मध्ये ठाणे मराठ्यांनी जिंकले आणि साष्टीवरील पोर्तुगीज सत्ता मोडली. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली. वांद्र्याचा किल्ला माहीमच्या अगदी समोर होता. तो मराठ्यांच्या हाती पडला तर मुंबई बेटाला धोका, या भयाने इंग्रजांनी पोर्तुगीजांना तेथील तटबंदी उद्ध्वस्त करण्याचा सल्ला दिला आणि ती पाडली गेली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पोर्तुगीज काळातील वांद्रे हे इंग्रजांच्या दृष्टीने एक शत्रुप्रदेशच होते. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात येथे आला होता. वांद्र्याच्या जेझुइटांच्या वैभवाची आणि त्यांच्या मठाच्या बंदोबस्ताची त्याने घेतलेली नोंद वाचताना धर्मगृह आणि ठाणे यांतील सीमारेषा किती पुसट होती, हे जाणवते. त्यामुळे या काळातील उद्ध्वस्तीकरण केवळ धर्मद्वेषाच्या खात्यावर मांडणे योग्य ठरणार नाही. तोफा असलेली इमारत कोणत्याही फौजेच्या डोळ्यांत सलणारच.

खाडी पार करून मूर्ती माहीमला गेली, म्हणजे पोर्तुगीज-मराठा सीमा सोडून ती इंग्रजांच्या हद्दीत गेली. गाव मात्र मागेच राहिले. कोळी तेथेच मासे धरत होते, कुणबी तेथेच भात लावत होते. फरक इतकाच की सारा आता पेशव्यांच्या सुभ्यात जमा होत होता. १७६१ मध्ये टेकडीवर मंदिर पुन्हा बांधले गेले तेव्हा साष्टी मराठ्यांच्याच अमलाखाली होती. मराठी अमलातील एका गावाने आपल्या ख्रिस्ती माउलीचे मंदिर पुन्हा उभारले आणि इंग्रजी बेटावरून मूर्ती परत आणली. कोणत्याही एका धर्माच्या वा सत्तेच्या गौरवकथेत ही घटना नीट बसत नाही. कदाचित त्यामुळेच ती फारशी सांगितली जात नसावी. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम राहिली.

खाडी, पूल आणि आगगाडी

साष्टी इंग्रजांकडे आली तरी माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होतीच. यात्रेकरू होडीने येत आणि पावसाळ्याच्या अखेरीस, नेमक्या यात्रेच्या दिवसांत, ही वाट धोक्याची असे. कंपनी सरकारने खाडीवर बांध घालण्याचा खर्च उचलण्यास नकार दिला. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी सुमारे १,५७,००० रुपये दिले आणि वाटेवर जकात घेतली जाऊ नये अशी अट घातली. १८४५ मध्ये माहीमचा हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. अवाबाईंनी मोतमाउलीला नवस केला होता, अशी आख्यायिका वांद्र्यात सांगितली जाते. तिला आधार शोधण्यापेक्षा तिने काय साधले हे पाहणे उचित. एका पारशी स्त्रीचे दान तिने यात्रेच्या कथेत ओवले आणि ही माउली केवळ ख्रिस्ती लोकांची नाही असे सांगितले.

१८६७ मध्ये विरारपासून मुंबईपर्यंतची लोकल गाडी वांद्र्यास थांबू लागली. १८७६ मध्ये वांद्र्याला नगरपालिका मिळाली. होडीने येणारे शेकडो यात्रेकरू आता गाडीने हजारोंनी येऊ लागले. त्याच गाडीने मुंबईतील श्रीमंतही आले आणि टेकडीवर बंगले बांधू लागले. यात्रा वाढविणारी साधने आणि गाव संपविणारी साधने एकच होती, हे येथे स्पष्ट दिसते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. वांद्र्याच्या वस्त्यांत आजही रस्त्याच्या कडेला, घरांच्या कोपऱ्यांवर दगडी क्रूस दिसतात. त्यांतील अनेक या साथीच्या काळातील आहेत. साथीपासून रक्षण व्हावे म्हणून वस्तीतील लोकांनी ते उभारले. गावाच्या सीमा जाणून घ्यायच्या असतील तर महसुली नकाशापेक्षा हे क्रूस अधिक विश्वासार्ह आहेत, असे विधान थोडे धाडसाचे वाटले तरी रनवारच्या गल्ल्यांतून पायी फिरलेल्या कोणालाही ते पटेल.

सध्याची चर्चची इमारत १९०४ मधील आहे. वास्तुविशारद शापूरजी चंदाभॉय हे पारशी होते. दोन मनोरे, टोकदार कमानी आणि दगडी बांधकाम असलेली ही निमगॉथिक वास्तू समुद्रातून दूरवरून दिसत असे. चर्चच्या प्रशासनातील एक तिढा मात्र तेव्हाही सुटलेला नव्हता. पोर्तुगालच्या राजाला मिळालेले धर्मकार्याचे अधिकार आणि रोमहून थेट चालविलेली व्यवस्था यांच्यातील वादामुळे मुंबई परिसरातील चर्चांवर दुहेरी अधिकार चालत होता. १८८६ मध्ये दमणचे धर्मप्रांत स्थापन झाल्यावर साष्टीतील जुनी चर्चे त्याच्याकडे गेली. १९२८ मध्ये हा दुहेरी कारभार संपला. त्याआधीच्या वर्षी, १९२७ मध्ये, ब्राझ फर्नांडिस यांनी वांद्र्याच्या धार्मिक व लौकिक इतिहासावरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. गावाची स्मृती लिहून ठेवणारा तो पहिला मोठा प्रयत्न गणावा लागेल. १९५४ मध्ये पोप बारावे पायस यांच्या काळात या चर्चला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. त्याच्या चार वर्षे आधी, १९५० मध्ये, वांद्रे बृहन्मुंबईत समाविष्ट झाले होते.

यात्रेचे स्वरूप

८ सप्टेंबर हा मरियेच्या जन्माचा दिवस. त्यानंतर येणाऱ्या रविवारी यात्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. त्याआधी नऊ दिवसांची नोव्हेना असते. हे दिवस भात निसवण्याचे. पावसाचा जोर ओसरत आलेला, समुद्र शांत होऊ लागलेला, होड्या पुन्हा बाहेर पडलेल्या. शेतकरी आणि मासेमार दोघांनाही या वेळी देवाकडे काहीतरी मागायचे असते आणि काहीतरी द्यायचेही असते. वांद्र्यातील भातखाचरे नाहीशी झाली, तिथी मात्र राहिली.

यात्रेतील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे मेण. हिल रोडपासून टेकडीपर्यंत मांडलेल्या दुकानांत मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, डोळे, बाळ, घर, गाडी असे आकार विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो पाय वाहतो. ज्याला मूल हवे तो बाळ वाहतो. अलीकडे मेणाचे विमान आणि पारपत्रही मिळते. मुंबईकराच्या इच्छांची अशी जाहीर यादी दुसऱ्या कोणत्याही दस्तऐवजात क्वचितच सापडेल. समाजशास्त्राच्या विभागाने दर दहा वर्षांनी ती नोंदवून ठेवण्यास हरकत नसावी. दुकानांत कडियो-बोडियो, चणे आणि गोव्याकडील मिठाई असते. रांगेत हिंदू, पारशी, मुस्लिम भाविकही असतात. बेस्टच्या जादा गाड्या सुटतात. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या साथीमुळे यात्रा भरली नाही. प्लेगच्या वेळी क्रूस उभारणाऱ्या वस्तीला या वेळी टेकडीवर जाण्याचीच मनाई होती.

गावठाणाचा प्रश्न

यात्रा मोठी होत असताना ज्या गावाची ती यात्रा, ते मात्र आक्रसत गेले. याचे कारण केवळ बाजारभावात नाही, ते जमिनीच्या नोंदीतही आहे. जुन्या महसुली पद्धतीत शेतजमिनीची मोजणी होई, तिला क्रमांक मिळे आणि तिच्यावर सारा बसे. गावठाण, म्हणजे राहत्या घरांची जागा, साऱ्यातून मुक्त असे, म्हणून घरागणिक मोजणीची सरकारला गरज वाटत नसे. सवलत म्हणून मिळालेली ही गोष्ट पुढे अडचणीची ठरली. शहर आले तेव्हा ज्यांच्या शेताला क्रमांक होता त्यांना ते विकता आले. ज्यांच्या घराला स्वतंत्र कागद नव्हता त्यांना ते सिद्ध करणे कठीण झाले. सामाईक विहीर, क्रूसासमोरची मोकळी जागा, सण साजरा करण्याचे अंगण यांची मालकी तर कोणाच्याच नावावर नव्हती. १९१५ च्या नगररचना कायद्यानंतर उपनगरांत आखलेल्या योजनांत सरळ रस्ते आणि भूखंड आले. वाकड्या गल्ल्यांची गावठाणे त्या आराखड्यात बेटांसारखी उरली. हिल रोड, वारोडा रोड, चिंबई रोड ही नावे नकाशावर राहिली. पुष्कळ जणांना त्यांतील वारोडा ही एक वस्ती होती हे ठाऊकही नसते.

रनवार किंवा चिंबईत आज फिरताना लाकडी जिने, कौलारू छपरे आणि ओसरी असलेली काही घरे दिसतात. शेजारी काचेच्या दर्शनी भागाचे उपाहारगृह असते. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला आणि माहीमच्या खाडीला तिसरी वाट मिळाली. मूर्ती ज्या पाण्यावरून आश्रयाला गेली आणि परत आली, त्या पाण्यावरून आता गाड्या काही मिनिटांत जातात. यात्रेच्या रविवारी मात्र त्याच गाड्यांना हिल रोडवर प्रवेश नसतो. पहाटेच्या मिसेला वस्तीतील वृद्ध स्त्रिया पायी टेकडी चढतात, आणि ईस्ट इंडियन मराठीत माउलीशी बोलणारे आवाज तेवढ्या वेळेपुरते ध्वनिक्षेपकाच्या वर ऐकू येतात.